अब्बांची पाठ

“तोंड तिकडे फिरव, पोरी.”

मिरजेच्या कारखान्यात तंबोऱ्याची जवारी काढायला बसले की अब्बा असं म्हणायचे. तारा ज्या घोडीवरून जातात, ती कानशीनं केसभर घासली की स्वर उमलतो. कुठं घासायची, किती घासायची, ते त्यांनी कुणालाच दाखवलं नाही. नऊ वर्षांची शमशाद भिंतीकडे तोंड करून नुसती खरखर ऐकायची.

त्याला तीस वर्षं झाली. आता मंगळवारपासून अब्बा पुण्यात तिच्या खोलीत स्टुलावर बसले होते आणि त्यांना चारी बाजूंनी पाठच होती. दारातून पाहा, पाठ. खिडकीतून पाहा, पाठ. चहा द्यायला पुढची बाजू सापडायची नाही. कप खांद्याशी धरला की रिकामा होऊन परत यायचा.

येताना त्यांनी तिच्यासाठी घडवलेला, जवारी न काढलेला मुका तंबोरा आणला होता. आवाज मात्र मिरजेतच राहिला होता. सोबतच्या त्यांच्या चिठ्ठीत लिहिलं होतं : जवारीचं शनिवारी पाच वाजता सांगतो. एकदाच. तुझ्या मशीनला ऐकू येईल असं कर.

शनिवारी सकाळी शमशादनं लॅपटॉप चालवणारी विकतची यंत्रणा पुसली आणि मुक्त यंत्रणा घालायला घेतली. तिची ओळ न् ओळ कुणीही वाचावी, कुणीही बदलावी. उघडून दाखवत नाहीत ते घरात नको, असं तिनं फार पूर्वी ठरवलं होतं.

चारला पडद्यावर प्रश्न आला. वायफायच्या चिपला ती बनवणाऱ्या कंपनीची बंद फाइल हवी आहे. पेनड्राइव्हवरून द्यायची का? हो. नाही.

तिनं ‘नाही’ दाबलं. समोरची भिंत एक फरशी आत आली.

पुन्हा तोच प्रश्न. पुन्हा नाही. पुन्हा एक फरशी.

“अगं, दे ना ती फाइल,” तिचा नवरा इक्बाल कपाट ओढत म्हणाला. “सगळं जग देतं.”

“आत काय लिहिलंय ते कळत नाही.”

“माझ्या आत काय आहे ते तरी कुठं कळतं तुला? सोळा वर्षं ठेवलंसच ना घरात.”

“तुझ्या वेळी ‘नाही’चं बटण नव्हतं.”

ती उठली, बसली, पुन्हा उठली. फाइलीशिवाय चिप बहिरी, चिप बहिरी तर मशीन बहिरं. तिनं आणखी तीनदा ‘नाही’ दाबलं. पलंग भिंतीखाली गेला. इक्बाल गोधडी तेवढी काखेत घेऊन उभा राहिला.

“आता मी कुठं झोपू, तेही यंत्रणेला विचार,” म्हणाला, आणि खालच्या दुकानात जाऊन पेनड्राइव्हवर फाइल घेऊन आला. जिना चढताना तो दोनदा टेकला.

“भरल्या घागरीसारखं वजन आहे गं.”

पाचला दहा मिनिटं होती. चार फरश्या उरल्या होत्या. शमशादचे गुडघे अब्बांच्या पाठीला लागत होते. पाठ ऊबदार होती, तिला लाखेचा वास होता. तिनं पेनड्राइव्ह दोन्ही हातांनी कानाशी नेला. आत कानस चालली होती. खर, खर. थांबणं. खर.

कुणी सांगितलं नव्हतं, तरी तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. तसंच चाचपून पेनड्राइव्ह लावला. तसंच, न बघता, ‘हो’ दाबलं.

भिंत तिच्या नाकाशी येऊन थांबली.

“शमशाद?” मशीनमधून मिरजेचा आवाज आला.

“हं, अब्बा.”

“तोंड फिरवलंयस?”

“फिरवलंय.”

“आता इकडे कर.”

“आधी सांगा.”

“इकडे कर, पोरी.”

ती वळली. पाठच होती. पण काखेखालून एक हात बाहेर आला होता. त्यात कानस होती, मूठ तिच्याकडे केलेली.

“मलाही कुणी दाखवलं नाही,” आवाज म्हणाला. “वस्ताद मलाही भिंतीकडे बसवायचे. मी दर वेळी भीत भीत घासत गेलो. तार बोलली, की थांबायचो.”