बुटाच्या नाडीएवढी अर्थिंग

“फ्यूज दे इकडे, नाहीतर कानाखाली जाळ काढीन!” भावोजी ओरडले.

“आधी जाड वायर, मग फ्यूज,” मी म्हणालो आणि फ्यूज खिशात टाकला.

लाँड्री ताईची आणि भावोजींची. पण ओल्या फरशीवर, ओल्या हातांनी दिवसभर मशीनला चिकटून असते ती ताई. भावोजी गल्ल्यावर बसून मशीनचं कौतुक करतात. सेकंडहँड परदेशी धूड आहे ते, एकशेदहा व्होल्टवर चालतं. म्हणून भिंतीवर छोटा ट्रान्सफॉर्मर टांगलाय, आपलं दोनशेतीसचं व्होल्टेज उतरवायला. काल भावोजींनी तो स्वतः जोडला. अंगात इंजिनिअर संचारला होता.

“अर्थिंगला हे काय लावलंत? बुटाची नाडी?”

“ट्रान्सफॉर्मरमध्ये येणाऱ्या वायरीचा तुकडा उरला होता. तीच जाडी. चालतं.”

“अहो, व्होल्टेज अर्ध्यावर आलं की करंट दुप्पट होतो. म्हणून तर तिथून मशीनकडे जाणारी वायर जाड टाकलीत ना? मग अर्थिंग तिच्याकडे बघून घ्यायची! उद्या मशीनच्या पत्र्यात करंट उतरला तर फ्यूज उडायच्या आधी ही नाडीच जळून जाईल. करंट पत्र्यात तसाच, आणि पत्र्याला हात कोणाचा?”

“एवढी अक्कल होती तर शाळा का सोडलीस?”

“शाळेत ट्रान्सफॉर्मर नव्हता, नुसते मास्तर होते.”

भावोजी मशीनवर थाप मारत म्हणाले, “सकाळपासून हात लावतोय. मेलो का?”

“आत्ता काही बिघडलेलं नाही. आत्ता सुतळी बांधली तरी चालेल.”

ताई पिळलेली चादर खांद्यावर टाकून आली. भांडण तिने मागूनच ऐकलं होतं. तिने दोन्ही वायरी बोटांत धरून पाहिल्या. “ही आई आणि ही तिची लेक का?” हसली. मग हात पदराला पुसत राहिली, बराच वेळ. “पण हॉटेलच्या चादरी संध्याकाळी द्यायच्यात रे.”

भावोजींना तेवढंच हवं होतं. “फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा घालतो, पाच मिनिटांत मशीन चालू!”

म्हणजे नाडीही बारीक आणि उडायला फ्यूजही नाही. वा.

ताईने मेन स्विच खाली ओढून बंद केला आणि त्याच्यासमोरच स्टूल टाकून बसली. “मी हलत नाही. तू पळ, वायर आण. चादरी राहिल्या तर तुलाच पिळीन.”

म्हणून मी आता वायरच्या दुकानात उभा आहे. दुकानदार हिरवी जाड वायर इतक्या सावकाश, जपून मोजतोय जणू आजोबांची मिशी आहे. आत्ताच ताईचा फोन आला. कुजबुजत होती, “हे तार सोलतायत. आणि मला सांगतायत, जरा मागचा नळ बघून ये.”

“ताई, उठू नकोस!”

“गिऱ्हाईक हाका मारतंय रे...”

फोन कट. ओ काका, पुरे झालं, कापा तिथेच! मला आता निघायलाच हवं.