ढोलाच्या पट्ट्यावरचा बिब्बा

उमरठच्या मोरूनं पन्नाशी गाठली तरी शिमगा आला की खोडी काढायला त्याचे हात शिवशिवायचे. गेल्या शिमग्याला त्यानं बिब्बा शेकला, सुईनं टोचून खाज आणणारं तेल काढलं आणि सयाजीच्या ढोलाच्या पट्ट्याला हळूच फासलं. सयाजी जिवाभावाचा, म्हणून पहिला मान त्याचा. पण गड्यानं पाच दिवस देवीच्या पालखीपुढं ढोल बडवला आणि साधी मानसुद्धा खाजवली नाय. मोरू हिरमुसला. "रेड्याची कातडी," म्हणाला.

यंदा पुन्हा फासलं. थेंबभरच.

दोन दिवसांत सयाजीची मान लाल, तोंड भोपळ्याएवढं, डोळे मिटलेले. गावात बोभाटा झाला, पालखीपुढं सयाजीचा ताल चुकला, देवी कोपली. त्याच्या बायकोनं, राहीबाईनं, उपास धरला. मोरू गोठ्यामागं जाऊन पोट धरून हसला. पुढं सूज उतरेचना, तसं हसू आटलं. पाचव्या दिवशी त्यानंच सयाजीला हाताला धरून महाडच्या यष्टीत बसवलं.

"अंगाला काही लागलं होतं का? बिब्बा, एखादा चीक?" महाडच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"नाय बाई. देवीचा कोप हाय," सयाजी म्हणाला.

मोरू भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या तारखा वाचत बसला.

"आधी कधीतरी लागलं असेल, तेव्हा काही झालं नसेल," बाई म्हणाल्या. "रक्तात राखण करणाऱ्या पेशी असतात. त्यांच्या अंगावर बारीक खुंट्या असतात, रिसेप्टर म्हणतात त्यांना. नको ती वस्तू त्या खुंटीला अडकली की आत निरोप जातो, ऊठ. पेशी उठते, एकीच्या हजार होतात. नंतर बऱ्याच मरतात, पण थोड्या वर्षानुवर्षं टिकून राहतात. तीच वस्तू पुन्हा लागली की त्या एकदम तुटून पडतात. आणि लागत राहिली तर निरोप थांबत नाही, त्या जगतात, वाढतात. सूज कशी उतरेल?"

मोरूला निम्मं कळलं. पण गेल्या सालचा आपला फुसका बार सयाजीच्या अंगात रुजून बसला होता, एवढं पक्कं कळलं.

परतताना यष्टीत सयाजी म्हणाला, "मला कायच लागलं नाय रे. रोज सकाळी ढोल गळ्यात घालतो, देव्हाऱ्यापुढं उभा राहतो, माफी मागतो. अजून काय करू?"

"रोज?"

"रोज."

पट्ट्यावरचं तेल अजून तसंच होतं, रोज मानेला लागत होतं.  पोलादपूरच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा मोरूनं सगळं सांगून टाकलं, गेल्या सालचंही. शिव्या येतील म्हणून मान खाली घालून बसला. सयाजी त्याच्याच खांद्याला धरून घरापर्यंत आला.

दारात राहीबाई उभी होती. सयाजी म्हणाला, "उपास सोड गो."

"का? देवी बोलली?"

"मोऱ्या बोलला."

राहीबाईनं सगळं ऐकून घेतलं. मोरूकडं बघितलं आणि आत गेली.

"पाच दिवस मी देवीला म्हणतोय, चुकलं माझं," सयाजी ओटीवर टेकत म्हणाला. "आता तिला काय सांगू? तूच सांग."

 काहीतरी करावं म्हणून मोरू खुंटीवरच्या ढोलाकडं गेला आणि पट्टा सोडायला लागला.

सयाजीनं बोटांनी एक डोळा उघडून बघितलं.

"फडकं घे रे हाताला," तो म्हणाला. "तुलाबी होईल."