अंगठा हलला की घंटा

सोलापुरात मंगळवारी दोनच ठिकाणी पाय ठेवायला जागा नसे : बाजारात आणि मडिवाळप्पाच्या अंगणात. साल एकोणीसशे तेहतीस. मैंदर्गीहून आलेला हा हाडवैद्य म्हणे मान धरतो, देवी रोग्याला झोपवते आणि घंटा वाजली की रोगी बरा होऊन उठतो! मीही गेलो बघायला. रोग्याला पाटावर बसवायचं, मागून मान दोन्ही बाजूंनी दाबायची, हिसका द्यायचा. माणूस लुळा पडला की आडवा करून तोंडासकट घोंगडी टाकायची. पाय तेवढे उघडे. थोड्या वेळानं घंटा, आणि माणूस डोळे चोळत उठून बसे. बायका हात जोडत, नारळांचा ढीग वाढे.

"देवी मानंतनं येती, पायातनं जाती," मडिवाळप्पा बजावी. "मधीच कुनी शिवलं तर रोगी गेला. मग माज्याकडं यायचं न्हाय!"

काय पण सोय!

मी शाळामास्तर. बाकाखालचे पाय बघून पोरांचे उद्योग ओळखायची मला खोड. तिसऱ्या खेपेला कळलं, मडिवाळप्पा देवीकडे बघतच नाही, रोग्याच्या पायाच्या अंगठ्याकडे बघतो. अंगठा हलला की घंटा. मला भारी मौज वाटली. घरी येऊन भाची पद्मजाला सांगितलं. ती पुण्याहून नुकतीच डॉक्टर होऊन आली होती. ती हसली नाही.

"मामा, मानेतून डोक्याला रक्त जातं. तिथं दाबलं की माणूस बेशुद्ध पडतो, आडवा केला की आपसूक जागा होतो. घंटेचा संबंधच नाही. पण एखादा जागा झालाच नाही तर? तिथं कोण काय करणार?"

पुढच्या मंगळवारी तिला घेऊन गेलो. पाटावर वळसंगची केराबाई होती. चाऱ्याचा भारा उचलून तिची मान आखडलेली. शेजारी तिचा नवरा सिद्धाप्पा, मेंढरं राखणारा साधा माणूस. हिसका बसला, केराबाई पडली, घोंगडी आली.

अंगठा हलेना.

मडिवाळप्पाच्या हातात घंटा तशीच. कपाळावर घाम. "आज देवीनं लई गाढ झोपवलंया," तो म्हणाला आणि लोकांनी आणखी जोरात जयजयकार केला. तेवढ्यात घोंगडीखालून घरघर ऐकू आली. पद्मजा धावली.

सिद्धाप्पा आडवा आला. "बाई, शिवू नका! मरंल ती!"

"नाही शिवले तर मरेल!"

मी त्याला धरून बाजूला ओढलं. पद्मजानं घोंगडी भिरकावली. केराबाईच्या तोंडात उलटी साचली होती. मान सांभाळत तिनं बाईला कुशीवर केलं, बोटाला पदर गुंडाळून तोंड मोकळं केलं. कुणीतरी पाण्याचा तांब्या पुढे केला, त्याच्यावर ती खेकसली, "पाणी पाजू नका! टांगा आणा!" टांगा गर्दीतून आत येईना. शेवटी फळीवर घालून बाईला रस्त्यापर्यंत नेलं. तोवर मडिवाळप्पा मागच्या दारानं पसार झाला होता. घंटा पाटाजवळ पडली होती.

केराबाई वाचली. डावा हात मात्र कायमचा लुळा पडला. हिसक्यानं मानेतली रक्तवाहिनी फाटून मेंदूला रक्त कमी पडलं होतं, असं दवाखान्यात सांगितलं.

महिन्यानं सिद्धाप्पा शाळेच्या दारात उभा राहिला.

"मास्तर, डाक्तरीनबाई म्हनल्या, अंगठ्याचं तुमाला आदीच कळलं हुतं. खरं?"

"हो."

"मग बोलला का न्हाय?"

काय सांगू? मला गंमत वाटली म्हणून?

"मी तिच्या उशालाच हुतो की," तो म्हणाला. "घरघर ऐकत हुतो. शिवलो न्हाय."

आम्ही दोघंही रडलो. तो शिवला नाही आणि मी बोललो नाही. म्हणून आता ओरडून सांगतो. जिथं माणसाच्या मानेला हात लावतात, तिथं रोगी बिघडला तर काय करणार, हे आधी विचारा. उत्तर नसेल तर उठून या. कुणी बेशुद्ध पडलं तर तोंड झाकू नका, कुशीवर करा, दवाखान्यात न्या. कुणी शिवू नका म्हणालं, तरी शिवा.