घाबरट फादर याकोब

वडीगोद्रीत हमरस्त्याला लागून पाशामियाँचं चहाचं हॉटेल होतं. १९९८च्या उन्हाळ्यात तिथं रोज सकाळी बसायला जागा मिळेना, कारण सगुणाबाईचा लेक कांगोहून सुट्टीवर आला होता. आजोबांपासून ख्रिस्ती असलेल्या घरातला हा याकोब सात वर्षांपूर्वी फादर होऊन आफ्रिकेत गेला, तेव्हापासून गावाला वाटायचं की तो तिथं सिंहांशी कुस्ती खेळतो.

"याकूबमियाँ, शेर देखे क्या?" पाशामियाँ विचारायचे.

"शेर कुठला, चाचा! एक बदक मागं लागलं, तर मी चर्चच्या कपाटात जाऊन बसल्तो."

हॉटेल हसायचं. मग याकोबला आणखी चेव यायचा.

"पयला उपदेश ऐका माझा. तिकडं देवाला मुंगू म्हणतेत अन् मडक्याला चुंगू. म्या हात वर करून सांगितलं, मडकं तुमच्यावर प्रेम करतं! लोक बिचारे भले, आमेन म्हणले. दुसऱ्या दिवशी एका बाईनं मडकंच आणून दिलं मला."

"अन् बंदूकवाले आल्ते तव्हा?" थोरला भाऊ भुजंग विचारायचा. ही गोष्ट त्यानं दहादा ऐकली होती.

"मी मक्याच्या पोत्यामागं लपून बसल्तो. माझ्या जागी संत असता तर त्यानं प्रार्थना केली असती. मला शिंक आली. शिपायानं बाहेर ओढलं, 'तब्येत सांभाळा फादर' म्हणला अन् माझे बूट घेऊन गेला."

सगुणाबाई मात्र हसत नसे. एकदा भाकरी थापताना ती म्हणाली, "लोकायला हसवून राह्यलास, बरं हाये. पण तुझी माय रातभर डोळा लावत न्हाई. आता इथंच ऱ्हाय."

याकोबनं तिला चकित केलं. "ऱ्हातो की. वरिष्ठांना विचारलंय म्या. अंबडकडं काम देतो म्हणले. मी काय शूर गडी हाये का, माय? तिकडचं काम दुसऱ्याच्या हवाली करतो, लोकांचा निरोप घेतो अन् नाताळाला घरी येतो."

ते खोटं नव्हतं. त्याला खरंच कंटाळा आला होता भिण्याचा.

जुलैत तो गेला. ऑगस्टात तिकडं पुन्हा लढाई पेटली. बंदूकवाले जवळ आल्याची खबर आली आणि मिशनच्या माणसांना न्यायला ट्रक आला. ट्रकमध्ये पहिला चढला तो फादर याकोब. पिशवी मांडीवर घेऊन तो कोपऱ्यात बसला आणि 'चला, जल्दी' असं मनात म्हणत राहिला. ट्रक गच्च भरला. तेवढ्यात दवाखान्याच्या पायरीवर एक दिवस भरलेली बाई दिसली. आत उठता न येणारे रोगीही होते. त्यांना त्या रस्त्यानं न्यायचं म्हणजे वाटेतच मारायचं.

याकोब खाली उतरला.

"हिला घ्या. मला गाडी लागते," तो ट्रकमध्ये बसलेल्या मिशनच्या सिस्टरला म्हणाला. "ओकत जाण्यापेक्षा मागून चालत येतो."

सात वर्षं याच रस्त्यांवर सिस्टरनं त्याला ओकताना कधी पाहिलं नव्हतं. तिनं तोंड उघडलं, पण ट्रक हलला होता.

धूळ बसली तसा याकोब दवाखान्याकडं वळला. वा रे शहाण्या, तो स्वतःला म्हणाला, आता बदक आलं तर कोणत्या कपाटात जाऊन बसशील?

बदक नाही, बंदूकवाले आले. तो दवाखान्याच्या दारात उभा राहिला. गुडघे इतके लटलटत होते, की त्यानं चौकट धरून ठेवली.

"आत कोण आहे?"

"आजारी माणसं."

"तू कोण?"

"मी त्यांचा फादर."

त्याच्या गुडघ्यांकडे बघून एकजण हसला. "बाजूला हो."

याकोब हलला नाही. खरं म्हणजे पायच उचलत नव्हते, असं त्यानं पुढं पाशामियाँच्या हॉटेलात नक्की सांगितलं असतं. ते सांगायला तो उरला नाही. गोळ्यांचा आवाज झाला, फादर उंबऱ्यावर पडले, आणि काय वाटलं कोणास ठाऊक, ती माणसं आत न शिरता निघून गेली.

वरिष्ठ फादर औरंगाबादहून जीपनं वडीगोद्रीला आले. घरात भुजंग होता, पाशामियाँ भिंतीला टेकून बसले होते. वरिष्ठांनी सगळं सांगितलं. हुतात्मा म्हणाले, धर्मवीर म्हणाले.

"जेवला होता का?" सगुणाबाईनं विचारलं.

वरिष्ठ म्हणाले, "आत पडलेल्या एका म्हाताऱ्यानं सांगितलं, त्या सकाळी फादरांनीच सगळ्यांसाठी लापशी शिजवली. आधी रोग्यांना भरवली, मग स्वतः खाल्ली."

"करपवली असंल."

वरिष्ठांनी मान खाली घातली. "हो. म्हातारा म्हणाला, फारच करपली होती."

तेव्हा सगुणाबाईला पहिल्यांदा रडू फुटलं, आणि पाशामियाँ उठून अंगणात गेले.