डिस्प्लेचा पीस

अव्वाच्या, म्हणजे माझ्या आईच्या, गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन गुरुवारी होतं आणि सोमवारी सकाळी माझ्या लॅपटॉपनं राम म्हटला.

तसा तो वर्षभर आचके देतच होता. चार ट्रॅक एकावर एक चढवले की लाह्या फुटल्यासारखी तडतड सुरू व्हायची. माझं अडत नव्हतं, कारण माझं काम काय? रिक्षावर भोंगा लावून फिरवतात त्या जाहिराती. साड्यांचा सेल, नवा क्लास, दातांचा दवाखाना. शुक्रवार पेठेतल्या घराच्या मागच्या खोलीत मी चाल बांधते, आवाज देते आणि दुसऱ्या दिवशी तोच आवाज मलाच ऐकवत रिक्षा आमच्या बोळातून जाते. त्या गोंगाटात तडतड कुणाला कळणार?

पण आता मला अव्वाचा आवाज घ्यायचा होता. गाठ आवाजाच्या नसेला चिकटलेली आहे, असं डॉक्टर म्हणाले होते. काढायला तर हवीच. आवाज राहील, बदलेल किंवा बघू, एवढं बोलून त्यांनी पेनाला टोपण लावलं. अव्वानं नुसती मान हलवली. मला मात्र त्या दिवसापासून एका जागी बसवत नव्हतं. उठत होते, बसत होते, फ्रिज उघडून बंद करत होते.

अव्वाकडे एकच गाणं आहे. ती मूळची वळसंगची. भाकरी थापताना कानडीत गाते. एका भाकरीला एक कडवं, आणि ती भाकरी जो खाणार त्याचं नाव त्या कडव्यात. नाव घेऊन थोडं कौतुक, थोडी टिंगल, आणि दर वेळी नवं काहीतरी. जेवणारी जेवढी माणसं तेवढी कडवी, त्यामुळे तिला भाकऱ्या मोजाव्या लागत नाहीत. मोठे आधी, मग पाहुणे आणि सगळ्यात शेवटी मी. लहानपणी मला याचा भयंकर राग यायचा. ताट घेऊन बसून राहायचे आणि माझं नाव काही यायचं नाही. आता घरात आम्ही दोघीच उरलोय, तरी ती अप्पांचं नाव घेते, मामांचं घेते आणि मग माझ्यावर येते. गेलेल्यांच्या भाकऱ्या उरतात, त्या कडक करून डब्यात ठेवते.

तर गुरुवारच्या आत लॅपटॉप हवा होता. अव्वाला घरी एकटं सोडवेना म्हणून तिलाही बरोबर घेतलं.

पहिल्या दोन दुकानांत माझं डोकंच फिरलं. संगीताच्या कामाला हवाय म्हटल्यावर एकानं कीबोर्डखाली लाल-निळे दिवे लावून दाखवले. दुसऱ्यानं, "गेम एकदम मख्खन चालतात," असं सांगितलं. "मला गेम खेळायचा नाही हो, आईचा आवाज घ्यायचाय," असं मी इतक्या जोरात बोलले की अव्वानंच माझा हात धरून मला बाहेर काढलं.

तिसरं दुकान नव्या पेठेत. मालक सिद्धाराम, चाळिशीचा, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, आणि देवानं धीर मात्र पोत्यानं दिलेला. त्यानं अव्वाला स्टूल दिलं, पाणी दिलं आणि मला म्हणाला, "तुमच्या पद्धतीनं बघा की मॅडम. डिस्प्लेचे पीस आहेत, काय ठोकायचं ते ठोका."

मी ठोकलं. माझ्याकडे पेनड्राइव्हवर साड्यांच्या सेलची जाहिरात होती: अठ्ठावीस ट्रॅक, ढोल, सनई, आठ ठिकाणी माझाच आवाज. ती नीट वाजवून दाखवील तोच लॅपटॉप घ्यायचा, असं ठरवून आले होते. पहिल्यानं ती वाजवली, पण त्याच्या पोटातला पंखा असा सुरू झाला की गिरणी बरी. असला माइकजवळ ठेवला तर गाण्याऐवजी पंखाच रेकॉर्ड होणार. दुसरा शांत होता, पण सोळाव्या ट्रॅकपाशीच तडतडला. तिसऱ्यावर मी कान टेकवून उभी राहिले आणि सिद्धारामला एसी बंद करायला सांगितलं.

"मॅडम, त्रेचाळीस डिग्री आहे."

"दोनच मिनिटं."

दोनाची दहा झाली. दुकानातली गिऱ्हाइकं कपाळ पुसत माझ्याकडे बघत होती. लॅपटॉप मात्र हूं की चूं करत नव्हता. मेमरी भरपूर, पंखा जेमतेम कुजबुजणारा, अठ्ठावीस ट्रॅक सरळ पार. माझ्या जिवात जीव आला. सिद्धारामनं न विचारता एसी लावला.

एक परीक्षा राहिली होती. गाणाऱ्याचा आवाज माइकमधून आत जातो आणि हेडफोनमधून त्याच्याच कानात परत येतो. त्यात जरासा जरी उशीर झाला तरी गाणारा अडखळतो. मी पिशवीतून माइक काढून जोडला, हेडफोन अव्वाच्या कानावर चढवला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि म्हणाले, "काहीतरी बोल गं. एक, दोन, तीन म्हण."

"एक-दोन काय म्हणायचं? मी काय शाळंत हाय व्हय?" अव्वा म्हणाली.

तिनं काउंटरवरचा एक रिकामा खोका पुढं ओढला. त्यावर तळहात आपटून पाहिला, मग दुसरा, आणि भाकरी थापल्यासारखा ठेका धरून गायला लागली. अप्पा आले, मामा आले. मागं टीव्ही चालू, बाहेर हॉर्न, एसीची घरघर. मी डोळे मिटून, ती कुठं अडखळते का ते ऐकत, फक्त उशीर शोधत होते. उशीर नव्हता.

मधेच थांबून अव्वानं सिद्धारामला विचारलं, "तुमचं नाव काय म्हनला?"

"सिद्धाराम. कशाला, आजी?"

"तुमी पानी दिला न्हवं? मग तुमची भाकरी नको?" आणि तिनं त्याला कडव्यात बसवलं. त्यालाही कानडी येत होतं. ऐकता ऐकता तो काउंटरला टेकून हसायला लागला, आणि मग एकदम हसायचा थांबला.

मला हवं ते मिळालं होतं. मी तिला थांबवलं, माइक गुंडाळला आणि सिद्धारामला सांगितलं, "हाच द्या. आणि ते टेस्टचं रेकॉर्डिंग काढून टाका."

"हाच पीस चालेल? तुम्ही आत टाकलेलं सगळं तसंच राहील."

"उघडलेला नको बाबा," अव्वा मधेच म्हणाली. "कुनी कुनी हात लावलेला. पॅक हाय तो दे." आमच्याकडे डिस्प्लेचा पीस कुणी घेत नाही. मिक्सर असो नाही तर मोबाइल, सील आपल्या डोळ्यांदेखत फुटायला हवं. सील नीट आहे का हे अव्वानं चष्मा लावून तपासलं आणि घरी आल्यावर खोक्याला हळदकुंकू वाहिलं. मीही हात जोडले. उघडलेला पीस तिकडेच राहिला.

मंगळवारी सकाळी मागची खोली तयार केली. खिडकीला दोन चादरी टांगल्या, पंखा बंद केला, घड्याळातला सेलसुद्धा काढला. अव्वाला खुर्चीत बसवलं. तिनं सवयीनं मांडीवर हात आपटला.

"हात नको वाजवूस. माइकमध्ये येतं ते."

"हात न्हाय वाजवला तर गायचं कसं?"

"थापल्याचा आवाज मी नंतर वेगळा घेऊन जोडीन. तू फक्त गा."

ती गायला लागली. अप्पांचं कडवं अर्ध्यावर थांबलं. परत. मामांचं नाव आलं आणि पुढचं सुचेना. परत. तिच्या पाठीवरून घाम ओघळत होता. माझ्याही. "हात रिकामा असला की नाव येत न्हाय गं राजी," ती म्हणाली. मी म्हणाले, प्रयत्न तर कर. गुरुवार उरावर बसला होता आणि मला ऐकू येत होता तो फक्त तिचा चुकलेला सूर. शेवटी एकदाची चिडले. "काल त्या दुकानात एवढं धडधडीत गायलीस, आणि इथे काय झालं?"

तिनं पदरानं मान पुसली आणि पुन्हा सुरुवात केली.

दुपारी तीनपर्यंत तिचा आवाज बसला. बुधवारी ॲडमिट व्हायचं होतं.

ऑपरेशन चांगलं झालं. गाठ साधी निघाली, अव्वा चौथ्या दिवशी घरी आली. आवाज मात्र आला नाही. नुसती हवा यायची, त्यात शब्द. डॉक्टर म्हणाले, सहा महिने वाट बघू. अव्वा दहाव्या दिवशी परातीसमोर बसली आणि मुकाट्यानं भाकरी थापायला लागली. थापल्याचा आवाज आता मला हवा तसा होता, वेगळा आणि स्वच्छ. मला तो स्वयंपाकघरात उभं राहून ऐकवेना.

मंगळवारचं सगळं मी नव्या लॅपटॉपवर उघडून बसले. सतरा तुकडे होते. प्रत्येकात अव्वाच्या दोन ओळी आणि मग माझा आवाज: "परत." लॅपटॉप इतका शांत की त्यात माझा वैताग श्वासासकट ऐकू येत होता. माझीच मला लाज वाटली.

आणि मग ते दुकान आठवलं. सोमवार. सलग गायलेलं, न अडखळता. पण काढून टाका असं मीच सांगितलं होतं. बिलावरचा नंबर लावला, तो व्यस्त. पुन्हा लावला, पुन्हा व्यस्त. मी चपला घातल्या तेव्हा अव्वा दारात आडवी आली आणि त्या हवेच्या आवाजात म्हणाली, "मी पन."

रिक्षात मी मनातल्या मनात सगळ्या शक्यता उगाळत होते. पुसलं असेल. दोन आठवडे झाले, पीस विकला असेल. सांगोल्याला, पंढरपूरला, कुणाच्या तरी घरी गेला असेल आणि त्यांनी पहिल्याच दिवशी सगळं साफ केलं असेल. सिग्नलला रिक्षा थांबली तर मी रिक्षावाल्यावरच खेकसले.

दुकानाच्या पायरीवरच मला थाप ऐकू आली. तळहाताची, खोक्यावरची. आणि त्यावर अव्वाचा आवाज, भरलेला, दुकानभर.

सिद्धाराम एका जोडप्याला तोच लॅपटॉप दाखवत होता. "स्पीकर ऐका की. घासलेलं वाटतंय का कुठं?"

मी जे मागायला आले होते तेच समोर वाजत होतं, आणि तोंडातून काय निघालं? "तुम्हाला काढून टाका म्हटलं होतं ना!"

"म्हटलं होतं की मॅडम." तो ओशाळला. "पण माझ्या नावाची भाकरी आहे हो त्यात. आई गेल्यापासून अशी कोणी दिली नव्हती. कशी पुसू?"

मी पेनड्राइव्ह पुढं केला, पण हात मधेच थांबला. कडवी पुढं सरकत होती. त्या दिवशी मी उशीर ऐकला होता, तडतड ऐकली होती, गाणं ऐकलंच नव्हतं. अप्पांच्या मिशा येऊन गेल्या. मामांची सायकल येऊन गेली. सिद्धारामचं थंड पाणी आलं. मग थाप जरा हळू झाली, मऊ झाली. अव्वानं नाव घेतलं, "राजी..."

आणि त्यावर माझा आवाज चढला. खणखणीत, जाहिरातीतल्यासारखा. "बास अव्वा, बास. झाली टेस्ट."

रेकॉर्डिंग तिथंच संपलं. दोन आठवडे मी एक माणूस शोधत होते ज्याच्यावर हे ढकलता येईल, डॉक्टर, लॅपटॉप, उकाडा, कुणीही.

अव्वानं स्टूल ओढलं, बसली, इकडंतिकडं बघून एक रिकामा खोका पुढं घेतला आणि माझ्याकडे पाहिलं.

मी पिशवी चाचपली. माइक घरी होता. सिद्धारामनं लॅपटॉप तिच्याकडे वळवून त्याचाच बारका माइक सुरू केला, आणि एसी बंद करायला रिमोट उचलला.

"राहू दे," मी म्हणाले.

टीव्ही चालू होता. बाहेर कुणीतरी हॉर्न धरून ठेवला होता. अव्वाच्या तळहातानं ठेका धरला आणि तिच्या गळ्यातून नुसती हवा आली, कानडीतली, तुटक, पण ओळ सरळ होती. राजीची भाकरी शेवटची. सगळ्यांच्या गार झाल्या. हिची तव्यावरून थेट ताटात.

तिचा हात थांबेपर्यंत मी एक शब्द बोलले नाही.