सॉरीचे समानार्थी

आमच्या तांड्यात इंग्रजी घेऊन बी.ए. झालेला मी एकटाच. त्यामुळे माझ्याकडे दोन कामं ठरलेली असतात. औषधाच्या बाटलीवरचं वाचून दाखवणं आणि नव्या टीव्हीचं माहितीपत्रक समजावून सांगणं. मे महिन्यात तिसरं काम आलं. तांड्याचे नायक, म्हणजे प्रमुख, देवीलाल यांचा निरोप आला, "ओम, डिक्शनरी घेऊन ये. नसाब बसली हाये."

नसाब म्हणजे तांड्याची पंचायत. आमची नसाब गोरबोलीत, म्हणजे आमच्या बंजारा बोलीत सुरू होते, तापली की मराठीवर येते, आणि शिव्यांसाठी हिंदी राखून ठेवलेली असते. तिच्यापुढे आजवर पळून केलेली लग्नं आली, शेताच्या धुऱ्याची, म्हणजे बांधाची भांडणं आली, एकदा तर एक रेडा आला. शब्दकोश पहिल्यांदाच येत होता.

प्रकरण साधं होतं. नळयोजनेच्या पाइपासाठी रूपसिंग ठेकेदारानं रस्त्यात आडवा चर खोदला आणि तसाच सोडून दिला. पुढे दगड नाही, काठी नाही, लाल चिंधी नाही. संध्याकाळी फुलसिंगकाका मोटरसायकलसकट त्यात गेले. काका महागाव-पुसद काळीपिवळी चालवायचे. आता डावा पाय गुडघ्याखाली नाही, त्यामुळे काळीपिवळी दारात उभी असते आणि तिच्यात कोंबड्या बसतात.

रूपसिंगनं दुसऱ्याच दिवशी पानठेल्यावर सांगून टाकलं, "फुल्या पिऊन होता." पाणी अजून तांड्यात पोचलेलं नाही, पण ही बातमी अर्ध्या तासात घरोघर पोचली. पाय गेला त्याचं काका बोलत नाहीत. पण बेवडा म्हटलं की भिंतीकडे तोंड करून झोपतात. उभ्या जन्मात त्यांनी दारू चाखली नव्हती.

हे मला पक्कं माहीत आहे, कारण चरात पहिला मी उतरलो होतो. काकांचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. तोंडाला वास येत होता तो बडीशेपेचा. पण नसाबीनं मला साक्षीदार म्हणून बोलावलं नव्हतं. शब्दकोश म्हणून बोलावलं होतं. आणि हेही सांगून टाकतो, रूपसिंगच्या आश्रमशाळेत मी तासिकेवर इंग्रजी शिकवतो. जूनमध्ये मला परत घ्यायचं की नाही, ते तो ठरवतो.

काकांच्या बायकोनं, हंसाबाईकाकीनं, नायकांकडे भरपाई मागितली नव्हती. तिला दोन वाक्यं हवी होती. रूपसिंगनं तांड्यापुढे उभं राहून म्हणायचं, खड्डा मी उघडा ठेवला, आणि फुलसिंग पिऊन नव्हता. बस.

मी पोचलो तेव्हा रूपसिंग उभा राहून, "सॉरी," म्हणून खाली बसलाही होता.

"झालं न," कारभारी घनश्याम म्हणाले.

"काय झालं?" काकी म्हणाली. "बसमध्ये पाय पडला तरी सॉरी म्हणते लोक. इथं पाय गेला."

नायकांनी माझ्याकडे पाहिलं. "ओम, पाह्य बरं. सॉरी म्हणजे काय काय होते?"

मी पान काढलं. सेवालाल महाराजांच्या मंदिरापुढे दीडशे माणसं एका पानाकडे बघत होती. माझ्या वर्गात इतकं लक्ष कधी कोणी दिलेलं नाही.

"दुःखी. खेद वाटणारा. दिलगीर."

"दिलगीर चांगला हाये," घनश्याम म्हणाले. "दिलगीर घ्या."

"अजून हाये का? वजनदार सांग," मागून कोणीतरी ओरडलं.

"रिग्रेटफुल. अपॉलजेटिक. पेनिटंट. रिमोर्सफुल."

"रिमोर्सफुल तं फवाऱ्याचं औषध वाटून राह्यलं बे. पंपाले किती टाकाचं?"

लोक हसले. रूपसिंगही हसला. मग तो पुन्हा उभा राहिला, शर्ट खाली ओढला आणि म्हणाला, "मी सगळेच म्हणतो. कोणाचं मन कायले दुखवाचं? सांग ओम, एक एक."

मी सांगत गेलो, तो म्हणत गेला. शपथविधीसारखं. "मी रिग्रेटफुल हाये. मी अपॉलजेटिक हाये." पेनिटंटला तो दोनदा अडखळला, तर लोकांनी त्याला धीर दिला. रिमोर्सफुल नीट जमलं तेव्हा टाळ्या पडल्या. एका म्हाताऱ्यानं त्याला पाणी दिलं.

"बाई," नायक म्हणाले, "पाच बार मागितली त्यानं माफी. तेबी इंग्रजीत. आता आणखी काय पाह्यजे तुले?"

"तो पिऊन नोता, एवढं म्हणा लागते त्यानं."

"ते पुन्हा कायले उकरून काढतं?" घनश्याम म्हणाले. "एवढे मोठे मोठे शब्द बोलला माणूस. त्यात ते आलंच असन न."

काकी गर्दीतून सरळ माझ्याकडे आली. पदरानं तोंड पुसलं. पुस्तकावर बोट ठेवलं, तेही भलत्याच शब्दावर.

"ओम, तू शिकेल हायेस. तुह्या काकाले तूच काढलं त्या खड्ड्यातून. तू सांग. तो पिऊन नोता, हे येते का यात?"

रूपसिंग माझ्याकडे बघत होता. रागानं नाही. जून महिना बघतो तसा.

मी पानावर पाहिलं. पानावर अजून तेवढेच शब्द होते.

"येते, काकी," मी म्हणालो. "सगळं येते त्यात."

"पक्कं?"

"पक्कं."

काकीनं मान हलवली. नायकांच्या रजिस्टरात अंगठा उठवला आणि काकांना सांगायला ती जवळजवळ पळतच गेली. नसाब उठली. रूपसिंगनं सगळ्यांना चहा पाजला, मला डबल.

पंधरा दिवस झाले. काकांना लोक अजून बेवडाच म्हणतात. हापशीवर कोणी तसं म्हटलं की काकी चिडत नाही. हंडा खाली ठेवते आणि सांगते, "रूपसिंगनं कबूल केलं न नसाबीत. तो पिऊन नोता हे आलं त्यात. खोटं वाटत असन तं ओमले विचारा. त्यानं पाह्यलं पुस्तकात."

आज दुपारी चार बाया खरंच विचारायला आल्या. काकी त्यांच्यापुढे होती. दारातूनच हाक मारली, "ओम हाये का घरी? सांग म्हणा यायले."

मी आतल्या खोलीतून आईला हातानं खूण केली.

"नाही बाई," आई म्हणाली. "गेला कुठंतरी."

"बसतो मंग," काकी म्हणाली. "यीनच."

त्या ओट्यावर बसल्या आहेत. तीन तास होत आले.