टेलिफोनच्या खोलीतली सासू

थोरलीच्या टेलिफोनच्या खोलीतलं घड्याळ दहा मिनिटं पुढे असायचं, आणि त्याला हात लावायची कोणाची छाती नव्हती. धंदा भाड्याच्या गाड्यांचा. नवरा गेल्यावर थोरलीने तो एकटीने वाढवलेला. ड्रायव्हर नावाचा प्राणी वेळेवर निघायला हवा असेल तर आधी घड्याळाला खोटं बोलायला शिकवावं, हे तिचं शास्त्र होतं. सगळी गाडी-मंडळी त्याच खोट्यावर इतकी वर्षं वेळेवर पोचत होती.

खोलीत फोनवर तिघी बायका बसायच्या. फोन करणाऱ्यांत म्हातारी माणसंच जास्त, दवाखान्यात जाणारी. कोणाच्या गुडघ्याला पुढची सीट लागते, कोण दार उघडायला वेळ लावतं म्हणून हॉर्न मारायचा नाही, हे त्या तिघींना तोंडपाठ. नाव सांगायच्या आतच गाडी निघालेली असायची.

या खोलीवर धाकट्या दिराचा डोळा होता. टेलिफोन कंपनीने कळवलं की तुमची जुनी आयएसडीएन लाइन अमुक दिवशी संध्याकाळी पाचला बंद, पुढे नंबर इंटरनेटवरून चालेल. दिराला तर सोन्याहून पिवळं झालं. खोली बंद करू, फोन बाहेरच्या कंपनीला घ्यायला सांगू, तिकडे शंभर पोरं कानाला यंत्र लावून बसलेली असतात, असं त्याने हातवारे करून पटवायला घेतलं. थोरलीने तिघींच्या देखत सांगून टाकलं की आपली सूनबाई सगळं जोडून देईल. आणि नाही जमलं तर, असं दिराने विचारताच ती म्हणाली, "तर खोलीला कुलूप मी लावीन. किल्ली तुमच्या हातात देईन."

शब्द गेला तो गेला. थोरलीने आजवर गिळलेला शब्द कोणी पाहिला नव्हता.

सूनबाई लग्नाआधी टेलिफोनच्या कामातच होती. जीभ सासूइतकीच धारदार, फक्त ती म्यानात ठेवायची. तिने बेत सोपा केला. टेबलावरचे फोन तेच, कोपऱ्यातलं कपाटाएवढं, आलेले फोन टेबलांवर वाटणारं जुनं एक्सचेंजही तेच. मध्ये फक्त गेटवे नावाचा एक डबा. त्याच्या एका अंगाला इंटरनेट, दुसऱ्या अंगाला जुन्या तारेची खाच, म्हणजे आयएसडीएनचं पोर्ट, आणि त्या पोर्टातून केबल थेट एक्सचेंजच्या पोटात. एक्सचेंजला कळायलाही नको की बाहेरचं जग बदललं.

थोरलीने तेव्हाच हुकूम सोडला होता: आपल्या एक्सचेंजमध्ये जे जसं आहे, तसंच्या तसं डब्यात उतरव, कानामात्रा बदलायची नाही. या घराचा कायदाच तो. ड्रायव्हर बदलला तरी त्याचा कप, त्याची खुंटी, त्याची शिवी नव्याकडे तशीच जायची. सूनबाईने एक्सचेंजची सेटिंग एकेक करून वाचली आणि डब्यात हुबेहूब उतरवली.

ठरल्या दिवशी दुपारी तिने जुनी तार काढली आणि डब्याची केबल लावली. तोवर गिऱ्हाइकांचे फोन थोरलीच्या मोबाइलवर वळवलेले. पाचला कंपनी लाइन तोडणार, त्याबरोबर हे वळवणंही संपणार. दीर दारात खुर्ची टाकून चहा घेत बसला. मयताला लवकर आलेल्या पाहुण्यासारखा.

पोर्टाचा दिवा हिरवा लागला. तार धड होती. पण फोन काही जाईना. सूनबाईने पुन्हा पुन्हा लावून पाहिला, केबल बदलली, डबा बंद करून सुरू केला. दिवा हिरवाच, आणि फोन मुका.

"दिवा छान आहे," दीर म्हणाला. "देवघरात ठेवा."

थोरलीने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याचा चहा निवला. मग ती सुनेच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. मोबाइल मधूनच वाजायचा, ती चार शब्दांत गाडी पाठवायची, आणि पुन्हा सुनेच्या लॅपटॉपच्या काळ्या पडद्याकडे बघायची, तांदळातल्या खड्याकडे बघावं तशी.

सूनबाईचे हात थांबले. तिने खुर्ची वळवली.

"आई, तुमचा हुकूम मोडावा लागेल."

तिघी बायकांनी माना खाली घातल्या. सूनबाईने आवाज न चढवता समजावलं. या लाइनवर दोन टोकं असतात. एक कंपनीचं, जे सांगतं. दुसरं गिऱ्हाइकाचं, जे ऐकतं. आपलं एक्सचेंज जन्मभर गिऱ्हाईकच होतं. तेच मी डब्यात उतरवलं, म्हणून डबाही गिऱ्हाईक झाला. आता दोघं तारेच्या दोन टोकांना हात जोडून बसलेत, समोरचा काही सांगेल म्हणून.

थोरलीने क्षणभर ओठ मुडपले.

"म्हणजे घरात दोन सुना, आणि सासूच नाही."

"हो."

"मग अडलंय कुठे? कर त्या डब्याला सासू."

सूनबाई हसली नाही, पण पाठ ताठ झाली. चालू पोर्टाला हात लावता येत नाही, म्हणून तिने आधी ते बंद केलं, डब्याची बाजू गिऱ्हाइकाची काढून कंपनीची केली, आणि पोर्ट उघडलं. पडद्यावर ओळी सरसर धावल्या. तिने आपल्या मोबाइलवरून चाचणीचा नंबर लावला, आणि टेबलावरचा फोन खणखणला. तिघींतली बोलकी होती तिने झडप घालून उचलला, दोन वाक्यं ऐकली आणि तिचा चेहरा पडला.

आवाज येत होता. पण राहून राहून टक् व्हायचं आणि शब्दातलं एखादं अक्षर गडप. दिराने फोन कानाला लावून मान डोलावली. आपली गिऱ्हाइकं आधीच अर्धी बहिरी, उरलेलं अर्धं हा डबा खाणार, असं म्हणून तो उठला. भिंतीकडे बोट केलं.

"आणि पाच वाजलेत, वहिनी. किल्ली."

घड्याळात खरंच पाच वाजले होते. थोरलीने सावकाश भिंतीकडे पाहिलं, मग दिराकडे.

"ते माझं घड्याळ आहे, भावजी. कंपनीचे अजून वाजायचेत. बसा खाली, चहा संपवा."

इतकी वर्षं ड्रायव्हरांकडून रोज काढून घेतलेली दहा मिनिटं थोरलीने आज पहिल्यांदा खर्चाला काढली. दीर बसला.

सूनबाई पडद्यावर चुका मोजणारा एक आकडा बघत होती. प्रत्येक टक् बरोबर तो वाढत होता. ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली की दोघांची घड्याळं घसरतायत. या तारेवर आवाजाचे तुकडे तालात जातात, आणि ताल एकानेच द्यायचा असतो. एक्सचेंज तो तारेतून घेतं. आणि हुबेहूब उतरवलं म्हणून डबाही तारेतूनच घेतोय. दोघं एकमेकांच्या मनगटाकडे बघून वेळ लावतायत.

"सासू केलीस, पण घड्याळ दिलं नाहीस," थोरली म्हणाली. "सासूचं घड्याळ स्वतःचं असतं. खोटं का असेना."

"याचं खरं आहे, आई," सूनबाई म्हणाली आणि डब्याला सांगितलं की वेळ तारेतून घेऊ नकोस, आतल्या घड्याळाची दे.

आकडा थांबला. बोलकीने पुन्हा फोन कानाला लावला. सूनबाई अंगणात जाऊन मोबाइलवर काहीबाही बोलत राहिली, गाड्यांचे नंबर, भाज्यांची नावं, जे सुचेल ते. बोलकीने डोळे मिटून सगळं ऐकलं आणि म्हणाली, "भेंडीतली वेलांटीसुद्धा आली."

मग थोरलीच्या हातातला मोबाइल गप्प झाला. कंपनीचे पाच वाजले होते. नवं काही वाजेना. कंपनीने नंबर इकडे टाकला की नाही, कोणास ठाऊक. दिराने तोंड उघडलं, आणि तेवढ्यात मधल्या टेबलावरचा फोन वाजला.

थोरलीने हात करून तिघींना थांबवलं आणि स्वतः उचलला. पलीकडे ती गुडघेवाली म्हातारी होती. नाव सांगायच्या आत थोरली म्हणाली, "पुढची सीट ना? निघाली गाडी." ऐकता ऐकता तिचा चेहरा सैल झाला. म्हातारी विचारत होती, आज तुमचा आवाज इतका जवळून कसा येतोय.

फोन ठेवून तिने दिराचा रिकामा कप उचलला आणि त्याच्या हातात दिला. विसळून ठेवा म्हणाली. कुलपाचं नाव कोणी काढलं नाही. दीर कप घेऊन गेला, आणि आतून नळाचा आवाज आला तेव्हा बोलकी तोंडावर हात धरून हसली.

सूनबाई आत आली. थोरली तिच्याकडे न बघता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "उद्यापासून या डब्याचं काही असलं तर हिला विचारायचं. मला नाही."

सूनबाईने हळूच भिंतीकडे पाहिलं. म्हणाली की आता डब्याचं खरं घड्याळ आहेच, तर हेही त्याच्याशी मिळवून...

"त्याला हात लावशील तर बघ," थोरली म्हणाली, आणि पुढचा फोन वाजला.